आज कसला दिवस आहे?

शाळेच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि बातम्या झाल्या की एखादा विद्यार्थी पुढे येऊन दिनविशेष वाचतो. आमच्या वेळी तो फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रंगीत खडूनं लिहायचा मान वर्गाच्या मॉनिटरकडे असे. कोपरा जेमतेम वीतभर. एखादी जयंती, एखादी पुण्यतिथी, फार तर एक लढाई एवढंच त्यात मावायचं.

आता त्या कोपऱ्यात २० मार्चला काय लिहायचं हा बाईंपुढचा खराच पेच असणार. जागतिक चिमणी दिवस, आंतरराष्ट्रीय आनंद दिवस आणि जागतिक मौखिक आरोग्य दिवस असे तिन्ही त्याच तारखेला येतात. २१ ला तर फळाच अपुरा पडावा. जंगलांचा दिवस, कवितेचा दिवस, कठपुतळ्यांचा दिवस, डाऊन सिंड्रोमचा दिवस, वंशभेद निर्मूलनाचा दिवस आणि नवरोज. त्यानंतर २२ ला पाणी, २३ ला हवामान, २४ ला क्षयरोग, आणि दोन दिवस दम खाऊन २७ ला रंगभूमी. परीक्षा तोंडावर आलेल्या पोरांनी यातलं काय साजरं करावं?

या गर्दीचं थोडं श्रेय सूर्याला जातं. २० किंवा २१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर असतो आणि जगभर दिवस-रात्र जवळजवळ सारखे होतात. उत्तर गोलार्धात वसंत सुरू होतो, दक्षिणेत शरद. सगळ्या जगासाठी एकच तारीख निवडायची तर कोणाचीच तक्रार येऊ नये असा हा मुहूर्त. जंगलांसाठी २१ मार्च ही तारीख अन्न व कृषी संघटनेनं १९७१ मध्येच धरली होती. संयुक्त राष्ट्रांनी तिला २०१२ मध्ये आपलं म्हटलं. नवरोज तर मुळात विषुवदिनाचाच सण. मुंबईचे पारशी २१ मार्चला जमशेदी नवरोज पाळतात आणि त्यांच्यातल्या बहुसंख्यांचं शहेनशाही पंचांगाप्रमाणे येणारं नवं वर्ष ऑगस्टात पुन्हा साजरं करतात. दोनदा गोड खायला मिळत असेल तर पंचांगाशी वाद कशाला घालायचा!

बाकीच्या तारखा इतिहासानं तिथे आणून ठेवल्या. २१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल इथे कृष्णवर्णीयांना पास बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ माणसं मेली. २३ मार्च १९५० ला जागतिक हवामान संघटनेचा करार अमलात आला. २४ मार्च १८८२ च्या संध्याकाळी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. एका तारखेला माणसं मेली, दुसरीला एक करार लागू झाला, तिसरीला एका रोगाचं कारण कळलं, आणि आपल्या फळ्यावर हे सगळे एकाच रंगाच्या खडूनं लिहिले जातात.

हे दिवस ठरवतं कोण? संयुक्त राष्ट्रांचा शिक्का असलेल्या दिवसांची रीत सरळ आहे. एखादा सदस्य देश आमसभेत ठराव मांडतो, मित्रदेश त्याला अनुमोदन देतात, बहुतेक वेळा मतदानाचीही वेळ येत नाही. आनंद दिवसाचा पुढाकार भूतानचा, मधमाशी दिवसाचा (२० मे) स्लोव्हेनियाचा. ठरावाच्या शेवटी बहुधा एक ओळ असते, की या दिवसाचा खर्च ऐच्छिक देणग्यांतून भागवावा. म्हणजे मुहूर्त काढून द्यायचा आणि मांडवाचा खर्च यजमानावर सोडायचा. त्यामुळे ठराव करायला कोणाचं काही जात नाही. २ मे हा जागतिक ट्यूना दिवस आहे. पॅसिफिकमधल्या बेटांचं पोट त्या माशावर चालतं, त्यांच्यासाठी तो खरोखर महत्त्वाचा आहे. पण मालवणच्या बाजारात कुणाला विचारलंत तर तो आधी सुरमईचा भाव सांगेल.

संयुक्त राष्ट्रांकडे जायलाच हवं असंही नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या विल्यम आणि हॅरिसन चेस या भावांनी १९५७ मध्ये वर्षभरातल्या अशा दिवसांची एक बारीकशी पुस्तिका काढली. पुढे ती दरवर्षी निघणारा जाडजूड ग्रंथ झाली. पत्रकार, रेडिओवाले आणि जाहिरातवाले आजही त्यात डोकावतात, कारण बातमी नसलेल्या दिवशी काहीतरी बोलावं लागतंच. पेनसिल्व्हेनियातल्या टॉमस आणि रूथ रॉय या नवरा-बायकोनं गंमत म्हणून असे कितीतरी दिवस शोधून त्या ग्रंथात नोंदवले. त्यातला एक मला फार आवडतो. २० फेब्रुवारीला भर दुपारी बारा वाजता घराबाहेर यायचं, डोक्यावर दोन्ही हात हलवायचे आणि 'हूडी-हू' असं मोठ्यानं ओरडायचं. म्हणजे थंडी पळून जाते आणि वसंताला वाट मोकळी होते. वाचल्यावर मला हसू आलं, आणि लगेच आठवलं की आपण होळीभोवती तोंडावर पालथा हात मारून पिढ्यानपिढ्या दुसरं काय करतोय? त्यांनी ते अलीकडे नोंदवलं आणि आपल्या शिमग्याला नोंदवहीची गरज पडली नाही, एवढाच फरक.

पण या फरकातच एक गोष्ट लपलेली आहे. शिमग्यात ओरडायचं असतं, गोवऱ्या जमवायच्या असतात, पोळी खायची असते, रंग लावायचा असतो. माझं मत विचाराल तर कुठलाही दिवस टिकतो तो हाताला काम मिळालं तर. 'जाणीव' हा शब्द कितीही भारदस्त असला तरी जाणिवेनं हात हलत नाहीत. ज्यांनी हे ओळखलं त्यांचे दिवस जगले.

डाऊन सिंड्रोम दिवसाचंच पाहा. या स्थितीत माणसाच्या पेशींमध्ये २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन वेळा असतं. म्हणून तारीख २१ आणि महिना तिसरा. २००६ पासून हा दिवस पाळला जातो आणि २०११ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांची मान्यता मिळाली. तारखेचं हे गणित चतुर आहेच, पण खरी युक्ती पुढे आली. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांच्या जोड्या पायमोज्यांसारख्या दिसतात, म्हणून त्या दिवशी दोन पायांत दोन वेगळे मोजे घालायचे. कोणीतरी विचारतंच, 'अरे, मोजे उलटसुलट घातलेस की काय?' आणि विचारलं की सांगायला सुरुवात होते. भाषण नाही, फलक नाही. प्रश्न समोरच्याच्या तोंडून येतो. मौखिक आरोग्य दिवसालाही असंच गणित आहे. मुलांचे दुधाचे दात २०, म्हातारपणीही स्वतःचे किमान २० दात असावेत, आणि प्रौढाचे दात ३२ व किडलेले शून्य. म्हणून महिना ३, तारीख २०. पण यात करायचं काय, तर दात घासायचे. ते रोजचंच असल्यामुळे हा दिवस बिचारा दंतवैद्यांच्या भिंतीवरच राहिला.

गणितावरून निघालेल्या दिवसांचा राजा म्हणजे पाय दिवस. वर्तुळाचा परीघ भागिले व्यास म्हणजे π, किंमत ३.१४१५९ आणि पुढे न संपणारी. अमेरिकेत तारीख लिहिताना आधी महिना लिहितात, त्यामुळे १४ मार्च तिथे ३/१४ होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९८८ मध्ये या दिवशी सहकाऱ्यांना घेऊन संग्रहालयातल्याच एका गोल जागेभोवती फेऱ्या मारल्या आणि मग सगळ्यांनी फळांचं सारण भरलेला गोल 'पाय' कापून खाल्ला. इंग्रजीत दोन्ही शब्दांचा उच्चार एकच. हौशी लोक त्यातही दुपारी १ वाजून ५९ मिनिटांची वाट पाहतात, म्हणजे पुढचे आकडेही जुळतात. २००९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहानं ठराव करून या दिवसाला मान्यता दिली, आणि २०१९ मध्ये युनेस्कोनं १४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिवसच करून टाकला. आइनस्टाइनचा जन्म १४ मार्च १८७९ चा आणि स्टीफन हॉकिंग गेले ते १४ मार्च २०१८ ला. या योगायोगांनी भाव आणखी वाढला.

आपली मात्र अडचण होते. आपण तारीख आधी लिहितो, म्हणजे १४/३. त्यातून π निघत नाही, आणि आपल्याकडे पाय म्हटलं की आठवतात ते दुखणारे. पण निराश होऊ नका. पाचवी-सहावीत आपण सगळ्यांनी π ची किंमत २२/७ धरून गणितं सोडवली आहेत, आणि २२/७ ही आपल्या पद्धतीनं २२ जुलै होते. त्या तारखेलाही हौशी मंडळी 'पाय-सन्निकट दिवस' पाळतातच. गंमत अशी की ३.१४ ही किंमत खऱ्या π पेक्षा सुमारे ०.००१५९ नं कमी आहे, तर २२/७ सुमारे ०.००१२६ नं जास्त. म्हणजे 'सन्निकट' म्हणून हिणवलेली आपली तारीख त्यांच्या तारखेपेक्षा π च्या अधिक जवळ आहे. आपला गोल पदार्थ तर पुरणपोळी. गणिताच्या शिक्षकांनी हे मनावर घ्यायला हरकत नाही.

वसंतातला जगभर पोचलेला एक दिवस मुंबईच्या बागेत जन्मला. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतल्या एका बागेत चार जणांना गोळा करून हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला एकानं विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं असा बेत होता. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, मग चावट आणि टोचणारे सुरू झाले आणि मंडळी नाराज झाली. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच काढून टाकला. विनोदाशिवाय, नुसतं ठरवून हसायचं. थोड्या वेळात खोट्याचं खरं होतं. त्यांची पत्नी माधुरी योग शिकवायच्या, त्यातून श्वसनाचे प्रकार आले. जागतिक हास्य दिवस १९९८ मध्ये मुंबईतच पहिल्यांदा जानेवारीत झाला. आता तो मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. सकाळी सहाला बागेतून येणारा 'हो-हो, हा-हा' ऐकून उशी कानावर ओढणाऱ्यांपैकी मीही एक आहे. पण या दिवसात करायला काम आहे, खर्च शून्य आहे आणि चार माणसं लागतातच, हे मान्य करायला हवं. एकट्यानं असं हसलात तर घरचे वेगळ्याच डॉक्टरांकडे नेतील.

१ एप्रिलबद्दल फार लिहीत नाही. तो कसा सुरू झाला याच्या इतक्या कथा आहेत की त्याच एप्रिल फूल वाटतात. एक मात्र सांगायलाच हवी. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरामा' या गंभीर कार्यक्रमात एक छोटी चित्रफीत दाखवली गेली. स्वित्झर्लंडमध्ये यंदा हिवाळा सौम्य होता, किडीचा उपद्रव गेला, म्हणून स्पॅगेटीचं पीक भरघोस आलं आहे. आणि पडद्यावर बायका झाडावरून शेवयांसारखी लांब स्पॅगेटी तोडून उन्हात वाळत घालत होत्या. निवेदक रिचर्ड डिम्बलबी, ज्यांच्या आवाजावर सगळं इंग्लंड विश्वास ठेवायचं. तेव्हा स्पॅगेटी तिकडे बहुतेकांनी डब्यातलीच पाहिलेली. अनेकांनी फोन करून विचारलं, की हे झाड आमच्याकडे कसं लावायचं? आपल्याकडे १ एप्रिलला अशी चेष्टा करायला कुणाला वेळ नसतो. त्या दिवशी नवं आर्थिक वर्ष सुरू होतं, बँका हिशेबासाठी बंद असतात, आणि रिझर्व्ह बँकेचा तर तो वाढदिवसच आहे, १९३५ सालचा.

चेष्टेची आपली तारीख धुळवडीची. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावात त्या दिवशी जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात आणि शेवटी त्याला नवे कपडे आणि आहेर देतात. धुळवड जवळ आली की गावातले जावई पसार होऊ लागतात आणि तरुण पोरं त्यांच्या मागावर राहतात. ज्याला इतर तीनशे चौसष्ट दिवस डोक्यावर बसवायचं, त्याला एक दिवस गाढवावर बसवायचं. याला ठराव लागला नाही की अनुमोदन.

जो दिवस आपण सुरू केला तोच बंद पाडायला आयुष्य घालवणारी बाईही याच मोसमात भेटते. अमेरिकेतल्या ॲना जार्व्हिसनं आईच्या आठवणीसाठी मे १९०८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनच्या चर्चमध्ये प्रार्थना ठेवली आणि आईची आवडती पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली. सहा वर्षांत, १९१४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार 'मदर्स डे' म्हणून जाहीर केला. मग फुलवाले आले, मिठाईवाले आले, भेटकार्डं छापणारे आले. ॲनानं आईला स्वतःच्या हातानं पत्र लिहावं असं सुचवलं होतं. लोकांनी छापील कार्डावर सही करून टपालात टाकलं. ती चिडली, कोर्टात गेली, सभा उधळायला गेली, शेवटी हा दिवस रद्द करा म्हणून सह्या गोळा करू लागली. १९४८ मध्ये ती एका आरोग्याश्रमात वारली तेव्हा हाताशी पैसे उरले नव्हते. दिवसाला हाताचं काम तिनं दिलं होतं, पण ते काम दुकानातून विकत मिळायला लागलं की काय होतं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं. आपल्याकडचा मातृदिन श्रावणातल्या पिठोरी अमावस्येचा. त्याला अजून भेटकार्डवाल्यांची नजर लागलेली नाही, म्हणून तूर्त मोठ्यानं बोलू नये.

याच्या उलट उदाहरण वसुंधरा दिनाचं. १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या किनाऱ्यावर तेलविहीर फुटली. ते पाहून विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी ठरवलं की व्हिएतनाम युद्धाविरुद्ध महाविद्यालयांत चर्चासत्रं होतात तशी पर्यावरणासाठी घ्यायची. संयोजक म्हणून त्यांनी पंचविशीतला डेनिस हेस हा विद्यार्थी निवडला. तारीख काढली ती निव्वळ व्यवहारानं. वसंताची सुट्टी संपलेली हवी आणि परीक्षा सुरू झालेली नको, म्हणून २२ एप्रिल १९७०, बुधवार. सुमारे दोन कोटी लोक रस्त्यावर आले, म्हणजे त्या वेळच्या अमेरिकेतल्या दर दहांतला एक. त्याच डिसेंबरात तिथे पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि पुढच्या तीन वर्षांत हवा, पाणी आणि दुर्मीळ प्राण्यांसाठीचे मोठे कायदे आले. 'दिवस पाळून काय होतं?' असं विचारणाऱ्याला हे एक उत्तर आहे. आपल्याकडे २२ मार्चच्या जलदिनी, मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा लागण्याच्या सुमारास, सभागृहात बाटलीबंद पाणी ठेवून व्याख्यान होतं, हे दुसरं.

आता नाशिकची चिमणी. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी आपल्या नेचर फॉरएव्हर सोसायटीतर्फे २०१० मध्ये २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून सुरू केला आणि पाहता पाहता तो कित्येक देशांत गेला. २०१२ मध्ये दिल्लीनं चिमणीला राज्यपक्षी केलं. दुर्मीळ नसलेल्या पक्ष्यासाठी दिवस पाळावा, ही कल्पनाच धाडसी होती. वाघासाठी कुणीही रडतं. पण जिच्या नावानं आपण पहिला घास खाल्ला ती दिसेनाशी झाली, हे लक्षात यायला वेळ लागतो. ब्रिटनमध्येही चिमण्या अशाच घटल्या, तेव्हा २००० साली 'द इंडिपेंडंट' या वृत्तपत्रानं कारण शोधणाऱ्याला पाच हजार पौंडांचं बक्षीस लावलं होतं.

आपल्याकडे कारण विचाराल तर दहांतले आठ जण मोबाइलचे टॉवर सांगतील. त्याला ठोस पुरावा मिळालेला नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर २०२० मध्ये आलेल्या मोठ्या अहवालात तर असं दिसलं, की देशभराचा विचार केला तर चिमण्यांची संख्या त्याआधीची पंचवीस वर्षं साधारण स्थिर होती. घट झाली ती मुंबईसारख्या महानगरांत. म्हणजे चिमणी देश सोडून गेलेली नाही, तिनं आपला फ्लॅट सोडलाय. का सोडला तेही पाहण्यासारखं आहे. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिलांना पहिले काही दिवस मऊ किडे आणि अळ्या लागतात. अंगणात फरशी आली, झुडपं गेली, फवारणी आली की अळ्या कुठून मिळणार? सुपात पाखडताना सांडणारे दाणे गेले, किराणा दुकानातली उघडी पोती गेली, सगळं पिशवीत बंद झालं. आणि घरटं? कौलारू घरात वाशांच्या फटी होत्या, आजोबांच्या फोटोमागची तिरपी जागा होती, विजेच्या मीटरची पेटी होती. काचेच्या गुळगुळीत इमारतीला काडी खोचण्यापुरतीसुद्धा चीर नसते.

म्हणूनच चिमणी दिवसाला हाताचं काम आपोआप मिळालं. लाकडी खोका, त्याला साधारण ३२ मिलिमीटरचं, म्हणजे सव्वा इंचाचं भोक. याहून मोठं केलंत तर साळुंकी घुसते. जमिनीपासून आठ-दहा फुटांवर, पंख्यापासून लांब आणि दुपारच्या थेट उन्हात येणार नाही असा टांगायचा. पहिल्या वर्षी चिमणी फिरकलीच नाही तरी काढायचा नाही; ती घर पाहून, विचार करून येते. शक्य असेल तर कुंडीत एखादं देशी झुडूप फवारणीशिवाय वाढू द्यायचं, पानांना भोकं पडली तरी.

आणि पाणी. मार्चअखेरीस आपल्याकडचा वसंत म्हणजे चाळिशीकडे निघालेला पारा. २० मार्चला गॅलरीत मातीचं पसरट भांडं ठेवून त्याचा फोटो पाठवणारे पुष्कळ आहेत. यंदा तुम्हीही ठेवा. फक्त २१ तारखेला ते घासून पुन्हा भरा, २२ लाही, आणि तसंच मृगाचा पाऊस येईपर्यंत.